प्रस्थानाची पिशवी

रायपूर, १८ नोव्हेंबर २०१२

श्री. शालिग्रामभाऊजी यांस,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तरी तुम्ही हो हो म्हणता, म्हणून पत्र लिहिते. मला सिंगापूरला जायचं आहे. तुम्ही आणि रमा जाऊन आलात, तेव्हा काय न्यावं, काय बघावं, कशाच्या नादी लागू नये, ते सविस्तर कळवा.

कारण असं. शेजारची सत्यभामा घर सोडून चालली आहे. सचिवालय नया रायपूरला गेलं, तिच्या मुलाला, धर्मपालला, तिकडे क्वार्टर मिळालं. परवा ती ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "दीदी, हमन तो जावत हन. तुंहर झोला के का करबो?"

झोला म्हणजे तुमच्या भावाने, नानांनी, ठेवलेलं प्रस्थान. आठवत असेल. २००० साली आपण चौघं नोव्हेंबरात सिंगापूरला निघणार होतो. निघायचा दिवस पंचांगात वाईट निघाला, म्हणून नानांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर एक पिशवी भरली आणि पूर्वेच्या घरी, म्हणजे सत्यभामाकडे, नेऊन ठेवली. प्रवास दसऱ्यालाच सुरू झाला असं धरायचं, आणि खरं निघताना पिशवी उचलून पुढे जायचं. सिंगापूर इथून आग्नेयेला आहे हे मी तेव्हाही सांगितलं होतं. आग्नेयेला तलाव आहे, पिशवी काय पाण्यात ठेवू, असं नानांचं म्हणणं पडलं.

मग एक नोव्हेंबरला छत्तीसगढ राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, भोपाळहून फायलींचे ट्रक नानांच्या कचेरीत यायला लागले आणि त्यांची रजा रद्द झाली. तुम्ही दोघं गेलात. पिशवी राहिली.

ठेवलेलं प्रस्थान प्रवास केल्याशिवाय घरात परत आणत नाहीत. सत्यभामाने ते बारा वर्षं धानाच्या कोठीवर खुंटीला टांगून ठेवलं, दर दिवाळीला झटकून हळदकुंकू लावलं, एकदाही उघडलं नाही. नानांना जाऊन तीन वर्षं झाली. आता पिशवी तिच्याकडे राहू शकत नाही आणि माझ्याकडे येऊ शकत नाही. तेव्हा जाऊन येते.

राजसला सांगितलं, तर म्हणतो, "आई, अकेली? ऑनलाइन फोटो देख लो ना." पोटचा मुलगा आहे, म्हणून उत्तर दिलं नाही.

आपली,
विनोदिनी


नागपूर, २७ नोव्हेंबर २०१२

ती. वहिनींना शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून आनंद झाला आणि काळजी वाटली. काळजी जरा जास्त.

विमानात खिडकीची जागा मागू नये. नुसता पंख दिसतो, आणि रात्री तोही दिसत नाही. हॉटेलात पाणी उकळायची किटली असते, तिच्यात पोहे भिजवता येतात, पण फोडणी देता येत नाही. रमाने प्रयत्न केला होता. त्याबद्दल आम्ही बोलत नाही. च्युइंगम तिथे चालत नाही, थुंकणं तर नाहीच, म्हणून मी तंबाखूचा खर्रा नेला नाही. ते पाच दिवस माझा स्वभाव कसा होता ते रमाला विचारावं. विमानतळावर साहेब विचारेल तेवढंच उत्तर द्यावं. किती दिवस, असं विचारलं तर पाच. माझ्या पुढच्या उमरेडच्या गृहस्थांनी मुलीचं लग्न कसं जमलं ते सांगायला घेतलं आणि त्यांना बाजूला बसवलं. पक्ष्यांची बाग अवश्य पाहावी. जेवायला भारतीय वस्तीत जावं. पोळी मिळते, पण तिला पोळी म्हणणं आपल्याकडेच येतं.

आता पिशवी. आमच्या गुरुजींना विचारलं. प्रस्थान फार तर दहा दिवस टिकतं. म्हणजे शास्त्राप्रमाणे ती आता नुसती पिशवी आहे. महादेव घाटावर जाऊन खारुन नदीत सोडून द्यावी. सिंगापूरपर्यंत ओझं वाहण्याचं कारण नाही. मात्र सोडण्याआधी उघडू नये. दोष लागतो.

रमाचा नमस्कार.

आपला,
शालिग्राम


रायपूर, ६ डिसेंबर २०१२

श्री. शालिग्रामभाऊजी,
स. न.

किटलीचं लक्षात ठेवते.

दहा दिवसांनी ती नुसती पिशवी झाली असेल, तर उघडल्याने दोष कसा लागतो ते कळलं नाही. अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवल्यामुळे असं विचारायची खोड लागली आहे. खारुन तर बघितलीत ना? आजकाल त्यात काही सोडलं की ते तिथेच उभं राहतं.

मी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात जाणार. जयस्तंभ चौकातला टूरवाला म्हणतो, सुट्ट्यांत चला, गर्दी असते, मजा येते. मी म्हटलं, मजेसाठी नाही, सूर्यासाठी जाते. त्या दिवसांत सूर्य बरोबर विषुववृत्तावर असतो, आणि सिंगापूर विषुववृत्तापासून दीड अंशही नाही. दुपारी एक वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली जाते. हे मी फळ्यावर इतक्या वेळा काढलं की खडूचा डबा संपला असेल. स्वतः पाहिलं नाही.

तसं रायपुरातही मे अखेरीला एकदा होतं. सिंगापूर राहून गेल्यापासून नाना दर सत्तावीस मेला मला बाराच्या उन्हात गच्चीवर न्यायचे. "पाय ना, विनू, गेली सावली. आता सिंगापूरले काहून जायचं?" असं म्हणायचे. मला वाटायचं, बिचारे समजूत घालतात. एकदाही गच्चीवर यायला विसरले नाहीत. पण रायपूर ते रायपूर. नोव्हेंबरातल्या सिंगापूरला सावली पडतेच, हेही मला माहीत होतं. चौघांचं ठरलेलं, म्हणून तेव्हा बोलले नव्हते.

पासपोर्टला फोटो काढून आले. ओळखू येत नाही, पण मीच आहे.

विनोदिनी


नागपूर, १५ डिसेंबर २०१२

ती. वहिनींना शि. सा. नमस्कार.

पायांत कॅनव्हासचे बूट घालावेत, चपलांनी तिथे निभत नाही. गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत करून घ्यावी. विमानात कानांना दडे बसतात, आवळकाठी तोंडात धरावी.

पिशवीविषयी पुन्हा लिहितो, राग मानू नये. जुनी पिशवी यंत्रात घातली की आत काय आहे ते साहेबांना नीट दिसत नाही आणि ते ती सगळ्यांसमोर उघडतात. प्रस्थानात तांदूळ, सुपारी, हळकुंड असणार. परदेशात धान्य चालत नाही. उगाच अपमान. त्यापेक्षा मी रायपूरला येतो, सत्यभामाबाईंकडून पिशवी घेतो आणि इकडे आणून नीट व्यवस्था लावतो. तुम्हाला तिला हातही लावावा लागणार नाही. मी येतो, आपण गप्पा मारू, तुम्ही मोकळ्या हाताने सिंगापूरला जा.

शिवनाथ एक्सप्रेसचं आरक्षण पाहून ठेवलं आहे.

शालिग्राम


रायपूर, २ जानेवारी २०१३

श्री. शालिग्रामभाऊजी,
स. न.

आरक्षण रद्द करा. तुमच्या गुडघ्यांना शिवनाथची वरची बर्थ झेपणार नाही.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या मनात काय आहे ते मला कळलं, म्हणून स्पष्टच लिहिते. आम्ही राहिलो आणि तुम्ही दोघं गेलात, याचा तुम्ही इतकी वर्षं त्रास करून घेतला आहे. तो सोडून द्या. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. थोडंच वाटलं होतं, २००४ पर्यंत पुरलं. तुमचे दोन अल्बम मी तीन वेळा पाहिले, प्रत्येक वेळी तुम्ही पोपटाच्या फोटोवर थांबून तेच सांगितलंत, तरी मी ऐकलं. यात तुमचा काही दोष नाही.

दोष राजधानीचा. अख्ख्या गावाने त्या दिवशी पेढे वाटले. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, माझ्या एकटीच्या हातात पेढा तसाच राहिला, शेवटी कावळ्याला घातला. नाना रोज उशिरा घरी यायचे आणि म्हणायचे, "काय करतं, राज्य नवीन हाये." पुढच्या वर्षी विचारलं, राज्य नवीन. त्याच्या पुढच्या वर्षी विचारलं, राज्य अजून नवीनच. नऊ वर्षांनी माणूस गेला, तरी राज्य नवीन होतं. मी त्यानंतर कधी त्यांच्या ऑफिसच्या रस्त्याने गेले नाही. रिक्षावाल्याला लांबून वळायला लावते. माणसाने माणसावर रागवावं, मी राज्यावर रागावून आहे, आणि त्या राज्याला त्याचा पत्ताही नाही.

तांदूळ, सुपारी मी कोलकात्याच्या विमानतळावर काढून घेईन.

विनोदिनी


नागपूर, ११ जानेवारी २०१३

ती. वहिनींना नमस्कार.

कोलकात्याला पिशवी उघडू नये.

नेपाळचा विचार करावा. तोही परदेशच. पासपोर्टसुद्धा लागत नाही, रेल्वेने बरंचसं जाता येतं, पिशवी कोणी तपासत नाही. पशुपतिनाथाच्या पायाशी तशीच बंद ठेवून यावी.

रमा मला म्हणते, तुम्ही काहीतरी लपवून राहिले. मी म्हटलं, गुडघे दुखून राहिले.

शालिग्राम


रायपूर, १५ मार्च २०१३

श्री. शालिग्रामभाऊजी,
स. न.

नेपाळात विषुववृत्त नाही.

मंगळवारी निघते. टूरमध्ये सतरा जण आहेत, त्यांतले चौदा गुढियारीचे एकाच घरातले. त्यांच्या आजीबाईंची माझी चौकशी करून झाली आहे; मी एकटी आहे हे कळल्यावर त्यांनी मला आपल्यात मोजायला घेतलं. आता त्या अठरा म्हणतात, एक जास्त का येतो ते बघायला हवं.

काल सत्यभामाचं सामान हललं. सगळं गेल्यावर रिकाम्या खोलीत एक खुंटी आणि एक पिशवी राहिली. तिने दह्यात साखर घालून माझ्या हातावर ठेवली, पिशवी माझ्या खांद्याला लावली आणि म्हणाली, "अब जावव दीदी, भैया अगोरत होही." भैया वाट बघत असेल, असं ती म्हणाली. कुठे, ते मी विचारलं नाही.

निघेपर्यंत चार दिवस पिशवी घरात आणता येत नव्हती, म्हणून समोरच्या देवळाच्या पुजाऱ्याकडे ठेवली आहे. तो विचारत होता, बारा वर्षांची आहे का, मग सांभाळतो.

विनोदिनी


सिंगापूर, २४ मार्च २०१३

श्री. शालिग्रामभाऊजी,

हॉटेलच्या कागदावर लिहिते आहे. विमानतळावर पिशवी कोणी उघडली नाही, मीही नाही. साहेबाने किती दिवस विचारलं, मी पाच म्हटलं, त्याने शिक्का मारला. तुमचा सल्ला बरोबर होता. पंखाचाही बरोबर होता.

आज एकला हॉटेलसमोरच्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिले. गुढियारीचे चौदा जण आजूबाजूला उभे राहिले, कारण आजीबाईंना वाटलं बस तिथे येणार आहे. एक वाजून बारा मिनिटांनी माझी सावली पायाखाली गेली. बाजूला खाली ठेवलेल्या पिशवीचीही गेली. आजीबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "हव, धूप तेज हे." मी रडले. आजीबाईंनी मला लिंबाची गोळी दिली.

खोलीत येऊन पिशवी उघडली. आता प्रवास झाला, आता कसला दोष.

आत नानांचा पांढरा शर्ट होता, बाह्या पिवळ्या पडलेल्या. पुरचुंडीत तांदूळ, सुपारी, हळकुंड. आवळकाठीची डबी. कानात घालायला कापूस. दहा माणसांना पुरेल इतका. आणि खाली, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, सरकारी कागदावरचा एक अर्ज. नानांच्या अक्षरात, हिंदीत. अर्जित अवकाशासाठी, म्हणजे हक्काच्या रजेसाठी. तारीख ६ ऑक्टोबर २०००, दसऱ्याचा आदला दिवस. आयुष्यभर रजेच्या अर्जावर कारण म्हणून त्यांनी 'निजी कार्य' एवढंच लिहिलं. यावर लिहिलं आहे, "पत्नी को भूमध्य रेखा दिखानी है।" भूमध्य रेखा म्हणजे आपलं विषुववृत्त.

साहेबाची सही नाही. आवक क्रमांक नाही. शिक्का नाही. हा अर्ज दिलाच नव्हता, भाऊजी. मग रद्द कुठली रजा झाली?

तुम्हाला माहीत होतं.

विनोदिनी


नागपूर, ५ एप्रिल २०१३

ती. वहिनींना शि. सा. नमस्कार.

माहीत होतं.

नानाला विमानाची भीती वाटायची. विहिरीत उडी मारणारा, बैल अंगावर आला तरी न हलणारा माणूस, पण जमीन सोडायची म्हटलं की त्याच्या हातापायाला घाम सुटायचा. तुम्हाला सिंगापूर दाखवतो म्हणून तोच बोलून बसला होता, आणि शब्द फिरवायची त्याला विमानापेक्षा जास्त भीती. त्या सप्टेंबरात दोन रविवार तो माना विमानतळाच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिला, सवय व्हावी म्हणून. विमान उडताना पाहायचा आणि घरी यायचा.

अर्ज लिहिला तेव्हा त्याचं नक्की होतं. अर्जालाही मुहूर्त लागावा म्हणून त्याने तो पिशवीत घातला आणि प्रस्थान ठेवून आला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की निघेपर्यंत प्रस्थान उघडता येत नाही, अर्ज दिल्याशिवाय रजा नाही, आणि रजेशिवाय निघता येत नाही. सोमवारी त्याने मला ऑफिसातून फोन केला. मी हसलो. म्हटलं, नाना, दुसरा अर्ज लिही ना, कागद काय महाग आहे?

नाना हसला नाही. मग म्हणाला, "शालू, दुसरा अर्ज लिहिता येते हे मलेबी समजते. पण हा पिशवीत हाये तोवर मी अडकलो हावो. दुसरा लिहून नाही गेलो, तर मी भित्रा झालो. तिले सांगू नको."

पुढे राज्य झालं आणि त्याला कारण मिळालं. इतरांच्या रजा खरंच रद्द झाल्या, पण त्याने मागितलीच नव्हती. मी शब्द दिला होता. तो गेल्यावर सांगावं असं दोनदा वाटलं, पण तुम्ही राजधानीवर इतक्या मनापासून रागावला होतात की वाटलं, राहू द्यावं, राज्याचं काय बिघडतं.

मी चुकलो. रमाला काल सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही.

आपला,
शालिग्राम


रायपूर, २१ एप्रिल २०१३

श्री. शालिग्रामभाऊजी,
स. न.

रमाला बोलायला सांगा. मी बोलते आहे, मग तिला काय झालं.

राग आला आहे, आणि तो जाणार नाही. मला सांगितलं असतं तर मी रेल्वेने पुरीला गेले असते, समुद्र तोच. किंवा मीच त्यांचा हात धरून विमानात बसवलं असतं, कापूस होताच. त्या दोन रविवारी ते भाजीला जातो म्हणून गेले होते आणि भाजी न आणता आले होते. मी घरभर बोलले होते. माणूस विमानांना घाबरून आला होता आणि मी त्याला मेथीवरून बोलत होते. हे मला आता रोज आठवतं.

आणि गच्चीवर नेऊन सावली दाखवणं. मला वाटलं ते माझी समजूत घालत होते. ते माफी मागत होते, दर वर्षी, बाराच्या उन्हात. या सत्तावीस मेला तुम्ही दोघं इकडे या. टोपी आणा.

पिशवी आता घरात आहे, नानांच्या खुंटीवर. अर्ज मात्र तिच्यात ठेवता आला नाही. बारा वर्षं मी ज्या राज्याला बोल लावला त्याने काहीच केलं नव्हतं, तेव्हा त्याच्याकडे एकदा जाऊन येणं भाग होतं. बुधवारी नया रायपूरला गेले. बस सव्वा तासाने आली. रस्ते एवढे रुंद आहेत की पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर पत्र लिहावं लागेल. सत्यभामाकडे जेवले. तिच्या खोलीत खुंटी नाही, याचं तिला वाईट वाटतं. धर्मपालने सचिवालयात आत नेलं, नानांच्या विभागाच्या आवक खिडकीपर्यंत पोचवलं.

आवकबाबू पन्नाशीचा होता, चष्मा कपाळावर. मी अर्ज पुढे केला. त्याने चष्मा खाली घेतला आणि पूर्ण वाचला, कारणासकट. तारीख वाचली. पुन्हा कारण वाचलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "अम्माजी, ये साहब अभी कहाँ हैं?"

मी म्हटलं, "छुट्टी पर."

त्याने चष्मा पुन्हा कपाळावर केला. मग म्हणाला, "तो फिर ठीक है," आणि त्याने रजिस्टर ओढलं, क्रमांक घातला आणि शिक्का मारला.

आपली,
विनोदिनी